यूबरलिंगेन विमान दुर्घटना आणि नियंत्रकाचे विभागलेले अवधान

१ जुलै, २००२ रोजी रात्री ११ वाजून ३५ मिनिटांनी दक्षिण जर्मनीतील यूबरलिंगेन शहराजवळ बश्कीरियन एअरलाइन्सचे तुपोलेव तू-१५४एम हे प्रवासी विमान व डीएचएलचे बोइंग ७५७ मालवाहू विमान यांची हवेत टक्कर झाली. दोन्ही विमानांतील सर्व ७१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य रशियातील उफा शहराची शाळकरी मुले होती. ती सुट्टीसाठी बार्सिलोनाला निघाली होती.

नियंत्रण कक्षातील स्थिती

अपघातस्थळ जर्मनीत असले तरी त्या हवाई क्षेत्राचे नियंत्रण स्कायगाइड या स्विस संस्थेच्या झुरिक केंद्राकडे होते. एकाच पातळीवर एकमेकांच्या मार्गात येणाऱ्या विमानांपैकी एकाला वेळीच किमान १,००० फूट वर वा खाली नेणे, एवढेच काम येथे करावयाचे होते. ही दोन्ही विमाने ३६,००० फुटांवर होती. त्या रात्री पाळीवरील दोघांपैकी एक नियंत्रक विश्रांतीस गेला होता. नियमात न बसणारी ही प्रथा व्यवस्थापनाने अनेक वर्षे चालू दिली होती. उरलेला नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता. दुसऱ्या पडद्यावर फ्रीड्रिक्सहाफेनला उतरणारे, उशिरा आलेले एक एअरबस विमान होते. त्याच्यासाठी तेथील विमानतळाशी बोलणे आवश्यक होते. परंतु देखभालीसाठी मुख्य दूरध्वनी यंत्रणा बंद होती व पर्यायी मार्गही लागेना. याच कामामुळे पडद्यावर दिसणारा धोक्याचा इशाराही उपलब्ध नव्हता. कार्ल्सरुहे येथील जर्मन नियंत्रकांना धोका आधीच दिसला होता, मात्र त्यांचा दूरध्वनी झुरिकला लागला नाही.

शेवटचे मिनिट

टक्करीच्या ४३ सेकंद आधी नियंत्रकाने तुपोलेवला खाली येण्यास सांगितले. काही क्षणांतच विमानातील टीकॅस या टक्करप्रतिबंधक यंत्रणेने तुपोलेवला वर, तर बोइंगला खाली जाण्याची सूचना दिली. बोइंगने यंत्राचे ऐकले, तुपोलेवने नियंत्रकाचे. परिणामी दोन्ही विमाने खाली येत राहिली. बोइंगने रेडिओवरून दिलेली माहिती एअरबसमध्ये गुंतलेल्या नियंत्रकाच्या ध्यानात आली नाही.

विश्लेषण

जर्मन अपघात अन्वेषण विभागाने मे २००४ मधील अहवालात नियंत्रकाला विमानांमधील अंतर वेळीच न जाणवणे व तुपोलेवने टीकॅसविरुद्ध उतरणे ही तात्कालिक कारणे मानली; रात्रपाळीतील अपुऱ्या मनुष्यबळाची जबाबदारी व्यवस्थापनावर टाकली. त्यामुळे या घटनेला केवळ ‘नियंत्रकाचे दुर्लक्ष’ म्हणणे अपुरे ठरते. त्याचे लक्ष कामातच होते, मात्र चुकीच्या पडद्यावर. आणि ते परत खेचून आणणारे इशारा, सहकारी व दूरध्वनी हे तिन्ही आधार त्या रात्री एकाच वेळी काढलेले होते. जानेवारी २००१ मध्ये जपानमध्ये दोन प्रवासी विमाने अशाच परस्परविरोधी सूचनांमुळे टक्करीच्या अगदी जवळ आली होती. तेथे बचावलेल्यांची संख्या शेकड्यांत होती, तरीही कोणाची सूचना श्रेष्ठ हा प्रश्न जगभरात एकवाक्यतेने सुटला नव्हता.

परिणाम

यानंतर नियंत्रकाची सूचना विरोधी असली तरी टीकॅसचीच सूचना पाळावी, असे आंतरराष्ट्रीय नियमांत स्पष्ट करण्यात आले. फेब्रुवारी २००४ मध्ये, अहवाल प्रसिद्ध होण्यापूर्वीच, कुटुंब गमावलेल्या एका व्यक्तीने त्या नियंत्रकाची हत्या केली. सप्टेंबर २००७ मध्ये स्विस न्यायालयाने स्कायगाइडच्या चार कर्मचाऱ्यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल दोषी ठरवले.