भाजावळीचा धूर आणि दमेकऱ्याची छाती



मागे उन्हाळ्यात आम्ही रत्नागिरीकडे पाहुण्यांच्या लग्नाला गेलो होतो. तिकडे भाजावळ चाललेली. भाताच्या तरव्यासाठी शेण, कवळं, पालापाचोळा पसरून जमीन भाजतात. धूर सगळ्यांनीच घेतला. पण यजमानांच्या धाकट्या भावाची तेवढी छाती वाजू लागली. मंडळी म्हणाली, "हा पहिल्यापासून नाजूक. काम निघालं की दमा येतो." आम्हाला हे बोलणे पटले नाही.

श्वासनळ्यांभोवती बारीक स्नायू असतात. निरोगी माणसाच्या नळ्या आवळल्या तरी थोडक्यात थांबतात. दमेकऱ्याच्या जराशा कारणाने आवळतात आणि आवळतच जातात. त्यात आतून सूज, वर चिकट कफ. डॉक्टर हे मोजतातही. मेथाकोलीन नावाचे औषध वाढत्या मात्रेने हुंगवायचे आणि एका सेकंदात जोराने सोडलेला श्वास 20 टक्क्यांनी कधी घटतो ते बघायचे. दमेकरी लहान मात्रेतच तिथे पोचतो, निरोगी माणूस मोठ्या मात्रेतही बहुधा पोचत नाही. मग याला सोंग कसे म्हणावे?

आता आपल्या घरचे बघू. रस निवळायला आपण गंधक जाळतो, त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो. हवेच्या दहा लाख भागांत हा अर्धा भाग असला, तरी अंगमेहनत करणाऱ्या दमेकऱ्याच्या नळ्या काही मिनिटांत आवळू शकतात. शेजारच्या गड्याला पत्ताही नसतो! तेव्हा "बाकीच्यांना कुठं होतंय?" हा सवाल पाळीवरच्या साहेबांनी विचारू नये. दमेकऱ्याला सल्फर बर्नरजवळ उभे करू नये, दुसरे काम द्यावे, पगार मात्र तोच. आणि पाइपांची गळती गळिताआधी बघावी, मग नव्हे.

आपण सभासद तरी काय करतो? ऊस गेला की पाचटाला काडी. सरीत ठेवले तर ओल टिकते, कुजून खत होते, हे शेती खाते सांगून थकले.

आणखी एक. "पंप लागला की सुटत नाही" ही समजूत खोटी आहे. सूज उतरवणारा पंप रोज घेतला तर नळ्यांचा हा चिडकेपणा कमी होतो. पण लग्न जमेपर्यंत मुलीचा पंप लपवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. रत्नागिरीच्या त्या भावानेही मांडवात ओढला नाही. गोठ्यामागे गेला, तिथे ओढला.