आवाज कप्तानाचा, हुकूम कुणाचा?

दोस्तांनो, मागच्या आठवड्यात आलेल्या एका पत्राने मला चांगलंच पेचात टाकलं. पत्र सातवीतल्या एका मुलीचं. तिच्या वर्गात म्हणे सरळ दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, यंत्रमानव हुशार झाले की एक ना एक दिवस ते माणसांविरुद्ध बंड करणार. दुसरा तट म्हणतो, छट्! यंत्र ते यंत्रच, सांगितलं तेवढंच करणार. यात बरोबर कोण, असा तिचा प्रश्न. आणि पत्राच्या खाली आईच्या अक्षरात एक ओळ होती, उत्तर मलाही हवंय म्हणून. आता आईनेच विचारल्यावर टाळून कसं चालेल?

बंडाच्या गोष्टींना तोटा नाही. ‘रोबो’ हा शब्दच मुळी अशा एका गोष्टीतून आलाय. कारेल चापेक या चेक लेखकाचं ‘आर. यू. आर.’ नावाचं नाटक १९२० साली प्रसिद्ध झालं. त्यात कारखान्यात बनवलेले कामगार मालकांवर उलटतात. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठबिगारी. वेठीला धरलेला माणूस कधीतरी उलटणारच, नाही का? पण आज मी सांगणार आहे ती गोष्ट जरा वेगळी आहे. तिच्यात एक यंत्रमानव अख्खं अंतराळजहाज ताब्यात घेतो, आणि तरीही बंड कुणीच करत नाही. कसं ते ऐका.

ही गोष्ट आहे ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकन मालिकेतली. १९८७ ते १९९४ अशी सात वर्षं ती चालली. तिचा ‘ब्रदर्स’, म्हणजे ‘भाऊ’ नावाचा भाग ऑक्टोबर १९९० मध्ये दाखवला गेला. काळ चोविसाव्या शतकातला. जहाजाचं नाव एंटरप्राइज. त्यावर हजाराच्या वर माणसं राहतात, अगदी बायकामुलांसकट. कप्तान आहेत ज्याँ-लूक पिकार्ड. आणि अधिकाऱ्यांत तिसऱ्या क्रमांकावर आहे लेफ्टनंट कमांडर डेटा. डेटा अँड्रॉइड आहे. (फोनमधला नव्हे हं! माणसासारखा दिसणारा यंत्रमानव, या अर्थाने.) फिकट सोनेरी कातडी, पिवळे डोळे, अफाट स्मरणशक्ती. त्याला राग येत नाही, हसू फुटत नाही, पण खोटं म्हणून बोलायचा नाही. सगळ्या जहाजाचा त्याच्यावर आंधळा विश्वास.

त्या दिवशी जहाज घाईत होतं. कारण होतं विली नावाचं एक पोरगं. विली आणि जेक हे सख्खे भाऊ. आईवडील दूर गेलेले. थोरल्या जेकला गंमत सुचली आणि खेळता खेळता त्याने मेल्याचं सोंग केलं. धाकटा विली इतका हादरला, की धूम पळाला, लपून बसला आणि तिथलंच एक फळ खाऊन बसला. फळात होते जीवघेणे परजीवी. जहाजावर त्यावर इलाज नाही. इलाज होता तो दूरच्या एका अंतराळतळावर, आणि तिथे वेळेत पोचायला हवं. जेक बिचारा अपराधी चेहऱ्याने फिरतोय. वर मोठ्या साहेबांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. थट्टेची मस्करी झाली की कसं वाटतं, हे ज्याला धाकटं भावंड आहे त्याला मी सांगायला नको.

आणि अशा वेळी डेटा एकदम थबकतो. मान किंचित वळते, नजर वेगळीच होते. तो सरळ जहाजाच्या नियंत्रण कक्षात जातो, आपल्या खुर्चीत बसतो आणि कामाला लागतो.

पुढचं सगळं पाहण्यासारखं आहे. आधी काय होतं? नियंत्रण कक्षातला हवेचा पुरवठा बिघडल्याची सूचना येते. कप्तान सगळ्यांना ताबडतोब बाहेर काढतात आणि इंजिनांच्या विभागात जाऊन तिथून जहाज चालवायचं ठरवतात. मागे राहतो एकटा डेटा. त्याला कुठे श्वास घ्यायचाय! कक्ष रिकामा झाला की तो तोंड उघडतो, आणि आवाज निघतो तो थेट कप्तान पिकार्डांचा. हुबेहूब. त्या आवाजात तो जहाजाच्या संगणकाला हुकूम देतो, की सगळी सूत्रं इथेच आण आणि कुलूप लाव. कुलपाचा सांकेतिक शब्द म्हणजे पन्नासेक आकडे आणि अक्षरं, एका दमात म्हटलेली. संगणकाने काय करावं? आवाज कप्तानाचा, हुकूमही कप्तानाचा. त्याने कुलूप लावलं.

जहाजाने दिशा बदलली. खाली खरे कप्तान, मुख्य अभियंता, सुरक्षा अधिकारी, सगळे हात चोळत बसले. प्रत्येक वाट बंद! मग डेटाला जहाजावरून एका ग्रहावर उतरायचं होतं. त्यासाठी त्याने बोळाबोळांत अदृश्य भिंती उभ्या करवल्या. तो पुढे चालला की पुढची भिंत विरते, मागची उभी राहते. शिपाई दोन हातांवर उभे, पण त्याला कुणी शिवू शकत नाही. कुणाला मारलं नाही, कुणावर गोळी झाडली नाही. आणि हजारावर माणसांचं जहाज एकट्याने खिशात घातलं.

इकडे दवाखान्यात विलीची घटका भरत आलेली.

आता मला सांगा, हे बंड झालं का? वर्गातला पहिला तट टाळ्या पिटेल, बघा आम्ही म्हणत नव्हतो! जरा थांबा. ग्रहावर डेटा पोचतो एका म्हाताऱ्याच्या झोपडीवजा घरात, आणि तिथे तो भानावर येतो. आपण काय केलं, यातलं त्याला काहीच आठवत नाही. तो म्हातारा म्हणजे डॉक्टर नूनियन सूंग, डेटाला बनवणारा शास्त्रज्ञ. जग त्याला मेला समजून चुकलेलं. डेटाला घडवतानाच त्याने त्याच्या आत एक गुप्त खटका बसवून ठेवला होता. खटका दाबला की डेटाने हातातलं सगळं टाकून घरी यायचं, वाटेत कुणी अडवलं तरी यायचं. सूंगचे दिवस भरले होते. जाण्याआधी लेकाला भेटावं, त्याच्यासाठी बनवलेली भावनांची चकती त्याच्या डोक्यात बसवावी, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. जहाजावर एक पोर मरणाच्या दारात आहे, हे खटका दाबताना त्याच्या गावीही नव्हतं.

म्हणजे बघा. डेटाने कुणाचा हुकूम मोडला नाही. त्याने हुकूम पाळलाच, फक्त तो हुकूम कप्तानाचा नव्हता! तेव्हा दुसरा तटही उड्या मारायला नको. यंत्र सांगितलेलं करतं हे खरं, पण कुणी सांगितलेलं? आणि कधी सांगितलेलं? डेटाला तो हुकूम कप्तान पिकार्ड त्याला भेटायच्या कितीतरी आधी देऊन ठेवलेला होता.

मला विचाराल तर या गोष्टीत चूक डेटाची नाही, सूंगची आहे. प्रेमापोटी केली म्हणून चूक लहान होत नाही. याच मालिकेत १९८९ मध्ये ‘द मेझर ऑफ अ मॅन’ नावाचा एक भाग आला होता. त्यात डेटावर चक्क खटला चालतो, की हा कुणाच्या मालकीची वस्तू आहे का? निकाल लागतो की नाही, त्याचं त्याला ठरवू द्या. एवढी लढाई जिंकलेला डेटा, आणि एका खटक्यासरशी बाहुलीसारखा चालू लागला. त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

हे सगळं नाटकातलं, असं म्हणाल. मग ही खरी हकीकत ऐका. केन थॉम्प्सन हे ‘युनिक्स’ ही संगणकप्रणाली तयार करणाऱ्यांपैकी एक. त्यांना १९८३ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, संगणकशास्त्रातला सर्वांत मोठा मान. त्या निमित्ताने केलेलं त्यांचं भाषण १९८४ मध्ये छापून आलं, आणि वाचून भल्याभल्यांना घाम फुटला. त्यांनी दाखवलं ते असं. माणूस जो प्रोग्राम लिहितो, तो यंत्राच्या भाषेत करणारा एक दुभाष्या प्रोग्राम असतो. त्याला म्हणतात कंपायलर. या दुभाष्यालाच फितवलं तर? परवलीचा शब्द तपासणारा प्रोग्राम त्याच्याकडे आला, की त्याने गुपचूप त्यात एक चोरदरवाजा बसवायचा, म्हणजे फितवणाऱ्याचा गुप्त शब्दही चालेल असा. आणि उद्या नवा कंपायलर बनवायला घेतला, की त्याच्यातही हीच खोड उतरवायची. मग लिहिलेल्या प्रोग्राममधून ती ओळ पुसून टाकली तरी चालतं. तुम्ही तो प्रोग्राम ओळ न् ओळ वाचा, काही सापडणार नाही.

अवघड वाटलं? स्वयंपाकघरात जाऊन आईला किंवा आजीला विरजणाबद्दल विचारा. दूध कितीही ताजं, भांडं कितीही लख्ख असो. कालचं विरजण बिघडलेलं असेल तर आजचं दही बिघडतं, आणि त्याच दह्याचं विरजण उद्याला लागतं. दुधात दोष शोधून सापडत नाही, कारण तो दुधात नसतोच.

मग उपाय काय? खऱ्या अंतराळयानांत यावर फार विचार झालेला आहे. अमेरिकेचं स्पेस शटल १९८१ पासून २०११ पर्यंत उडत होतं. त्यावर पाच संगणक होते. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी चार संगणक एकच काम एकाच वेळी करत आणि एकमेकांची उत्तरं ताडून बघत. एकाचं उत्तर इतरांहून वेगळं आलं की तो एकटा पडे. पण चौघांतही प्रोग्राम तोच! प्रोग्राममध्येच खोट असेल तर चौघंही एकासारखे एक चुकणार. (कॉपी केलेली गणितं तपासताना बाईंच्या हे बरोबर लक्षात येतं.) म्हणून पाचव्या संगणकाचा प्रोग्राम वेगळ्या कंपनीच्या वेगळ्या माणसांकडून लिहून घेतला. तो गप्प बसून लक्ष ठेवायचा. त्याच्या हाती यान कधी सोपवायचं, ते ठरवणार अंतराळवीर. त्यासाठीचं बटण त्यांच्या हातातल्या दांड्यावरच होतं.

एवढी काळजी घेऊनही पहिल्याच उड्डाणाला गंमत झाली. १० एप्रिल १९८१ ला जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन यानात बसून तयार, आणि पाचव्या संगणकाचं चौघांशी वेळेचं गणित जुळेना. उड्डाण थांबवलं, दोष शोधला, आणि १२ एप्रिलला यान उडालं. दोन दिवस गेले म्हणून कुणी हळहळलं असेल. मला मात्र ते दोन दिवस फार आवडतात.

एंटरप्राइजवर काय होतं? एक आवाज आणि एक सांकेतिक शब्द. पाचवा कुणी नव्हताच.

आणि आवाजाची गोष्ट निघालीच आहे, तर आईबाबांनी जरा इकडे लक्ष द्यावं. १९९० मध्ये दुसऱ्याच्या आवाजात बोलणारं यंत्र म्हणजे नुसती कल्पना होती. आता ती कल्पना राहिलेली नाही. एखाद्याच्या आवाजाचा छोटासा तुकडा मिळाला तरी त्याच्यासारखा बोलणारा आवाज संगणक तयार करतो. याचा फायदा चोर घेतात. फोन येतो, आवाज मुलाचा, रडवेला, मी अडचणीत आहे, लगेच पैसे पाठवा. घाबरलेल्या माणसाला विचार करायला वेळच मिळू नये, हीच त्यातली युक्ती. अशा वेळी फोन खाली ठेवायचा आणि आपल्याकडच्या नेहमीच्या नंबरवर आपण स्वतः फोन लावायचा. आणखी एक करता येईल. आज रात्री जेवताना घरातल्यांनी मिळून एक शब्द ठरवा. कुणाचं नाव नको, वाढदिवस नको. ‘पांडोबाचं गाठोडं’ असलं काहीतरी चालेल, पण हा नको, हा आता सगळ्या वाचकांना कळला! तो शब्द ज्याला सांगता येईल तोच आपला.

अरे हो, विली राहिलाच. ग्रहावर आणखी एक पाहुणा टपकला होता. डेटाचा थोरला भाऊ लोर. सूंगनेच बनवलेला, दिसायला अगदी डेटा, पण मनाने दुष्ट. तोही त्याच हाकेने ओढला गेला होता. त्याने डेटाचं सोंग घेऊन म्हाताऱ्याला फसवलं, डेटासाठी ठेवलेली चकती स्वतःला बसवून घेतली, सूंगला फेकून दिलं आणि पसार झाला. (डेटा, लोर आणि म्हातारा सूंग या तिन्ही भूमिका ब्रेंट स्पायनर या एकाच नटाने केल्या आहेत. बघताना विसरायला होतं.) शेवटी एंटरप्राइजवरची मंडळी डेटापर्यंत पोचली, जहाज मोकळं झालं आणि विलीला वेळेवर इलाज मिळाला.

शेवटी डेटा त्या दोघा भावांना बघायला येतो. जेक आणि विली पुन्हा एकत्र खेळताहेत, जणू काही झालंच नाही. डेटाला हे कोडं सुटत नाही. जहाजाची डॉक्टर त्याला एवढंच सांगते, की ते भाऊ आहेत, भाऊ एकमेकांना माफ करतात. स्वतःच्या भावाने त्याच दिवशी आपली भेट पळवलेला, वडिलांचा जीव घेतलेला डेटा ते ऐकून घेतो.

त्याने लोरला माफ करावं का? मी चार वेळा मत बदललंय. पत्र पाठवणाऱ्या मुलीच्या वर्गात यावर आणखी दोन तट पडले, तर मला जरूर कळवा. आईचं मतही त्याच पत्रात येऊ द्या.