संध्याकाळचा वर्ग कुणासाठी?

पदविका घेऊन कारखान्यात लागलेल्या मुलाला घरचे सांगतात, संध्याकाळच्या वर्गाला जा, पदवी पुरी कर. नोकरी चालू, पगार चालू. अंशकालीन अभियांत्रिकी शिक्षणाची सारी आखणी या मुलाकडे बघून झाली आहे. रात्री तो घरी येतो तेव्हा ताट वाढलेलं असतं. त्याच बाकावरच्या बाईला घरी पोचून पोळ्या लाटायच्या असतात. मग पहिल्या सत्रानंतर ती येईनाशी होते आणि सर म्हणतात, मुलींना यात रस नसतो!

रस? ए. ललिता अठराव्या वर्षी विधवा झाल्या, पदरात चार महिन्यांची मुलगी. मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून १९४३ साली त्या विद्युत अभियंता झाल्या, जमालपूरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये वर्षभर प्रत्यक्ष काम शिकल्या. वडील त्याच महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि घर पाठीशी उभं होतं, हेही सांगायला हवं.

उमेदवारीचं तर आणखीच अवघड. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार उमेदवार 'कामगार' नाही. मुदत संपली की नोकरी देण्याचं बंधनही सहसा नाही. पण कारखान्यातल्या आरोग्य, सुरक्षा, कल्याणाच्या तरतुदी उमेदवारालाही लागू आहेत. म्हणजे बायकांसाठी वेगळा संडास नसणं ही गैरसोय नव्हे, कायदेभंग आहे.

मैत्रिणींनो, आपल्या गावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जा आणि एवढंच विचारा: वर्ग सुटल्यावर शेवटची बस मिळते का? आणि वर्कशॉपमधला बायकांचा संडास कुठे आहे?