पाणी मागच्या दाराने आलं

फ्रान्सचा समुद्रकिनारा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं ते इथे लिहीत नाही, स्टाफही हे वाचतो! पण ला फोत-स्युर-मेर हे गाव त्या झगमगाटातलं नव्हे. अटलांटिकच्या काठी, व्हांदे जिल्ह्यात, वाळूच्या एका लांब जिभेवर ते वसलंय. पश्चिमेला समुद्र, वाळूच्या टेकड्या आणि पाइनची झाडं. पूर्वेला ले नावाची नदी आणि चिखलाची खाडी, जिथे लाकडी खुंट रोवून शिंपल्या पिकवतात. 2010 च्या सुमारास हिवाळ्यात वस्ती हजारभर होती, उन्हाळ्यात कित्येक पट.

मधली जमीन सखल, आपल्या खाजणासारखी. तिथे नदीच्या बांधाआड बंगल्यांच्या कॉलन्या उठल्या. बैठी घरं, आयुष्यभराची पुंजी घालून निवृत्त लोकांनी घेतलेली.

28 फेब्रुवारी 2010 ची पहाट. झिंथिया वादळ आणि मोठी भरती एकाच वेळी. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर चढतो, शिवाय वारा पाणी ढकलतो तो वेगळाच. लोकांची भीती पश्चिमेची. पाणी आलं पूर्वेकडून, नदीच्या बांधावरून! लोक झोपेत होते. वर जायला मजला नाही. खिडक्यांना विजेची शटर्स, वीज गेली आणि ती उघडेनात. या एका गावात 29 माणसं गेली, बहुतेक म्हातारी.

मेसमध्ये हे सांगितलं तर रूममेट म्हणाला, "सरपंचाला आत टाका, विषय संपला." तिथे खटला झालाच. 2014 साली मेयरला चार वर्षांची शिक्षा झाली, 2016 मध्ये अपिलात ती दोन वर्षांची, तीही स्थगित. पण मला ते शटर सुटत नाही. मोटर बसवणाऱ्याला हाताने फिरवायचा दांडा का सुचला नाही? तो कुठल्या तरी कॉलेजातून आपल्यासारखाच पास झाला असणार.

पुढे सरकारने वादळापूर्वीच्या भावाने शेकडो घरं विकत घेऊन पाडली. काही मालक भांडले. त्यांच्या रडण्याला मी हसणार नाही, पण घरं पाडली ते बरंच झालं असं माझं मत. (फ्रेंचमध्ये 'फोत' म्हणजे चूक. गावाचं नाव मात्र वादळाच्या आधीचंच!)

सरांना एकच विनंती. बिल्डिंग ड्रॉइंगच्या पुढच्या शीटवर प्लिंथ लेव्हलच्या शेजारी पुराची पातळीही काढायला लावा. एक रेघ जास्त पडेल, आम्ही कुरकुर करू, पण काढू.