आझाद व्हिसा की बिनपावतीचा सौदा?

व्यापारी माणसाला एक सवय असते. सुरतेहून गठ्ठा निघाला की आधी बिल्टी हातात घ्यायची, मग पैशाचे बोलायचे. बिल नाही, बिल्टी नाही, तर माल कितीही स्वस्त असो, शहाणा दुकानदार त्याला हात लावत नाही. पण आमच्याच बाजारपेठेत एक सौदा असा चालतो की ज्यात लाख-दीड लाख रुपये रोख मोजले जातात, पावती मिळत नाही, आणि माल म्हणून जाते ते आपल्याच गल्लीतले पोर. हा सौदा गल्फच्या व्हिसाचा.

भोकरपासून भैंसा फार लांब नाही. त्यापुढे निर्मल, निजामाबाद, जगतियाल, करीमनगर. या भागातून कित्येक वर्षे हजारो माणसे दुबई, मस्कत, सौदीला जात आली आहेत. सोयरिकी तिकडे, बाजार तिकडे, तेव्हा दलालही तिकडून इकडे आले. भोकर, धर्माबाद, बिलोलीचा शिंपी, वेल्डर, गवंडी, ड्रायव्हर त्यांना चांगलाच ठाऊक झाला आहे.

या कारागिराची अडचण वाचकांनी नीट समजून घ्यावी. तो उस्तादाच्या हाताखाली काम शिकला, शाळा सातवी-आठवीत सुटली. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टावर साधारणपणे ईसीआरची नोंद असते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे सौदी, अमिरात, कुवेत, कतार, ओमान, मलेशिया अशा १८ देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारी परवानगी घ्यावी लागते. त्या वेळी नोकरीचा करार दाखवावा लागतो, पगार लिहिलेला असतो, मालकाचे नाव असते. १० लाखांचा अपघाती विमाही उतरवला जातो. त्याचा हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. नोंदणी असलेल्या एजंटाने आपल्या कामाचे ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढेच घ्यावेत आणि पावती द्यावी, असा नियम आहे.

म्हणजे ही परवानगी हीच गरीब कारागिराची बिल्टी झाली. आणि दलाल नेमके काय विकतो? तर ही बिल्टी टाळण्याची युक्ती! "क्लिअरन्सची कटकट नको, व्हिजिट व्हिसावर बसवतो, तिथे गेल्यावर कामाचा व्हिसा लागून जाईल." पूर्वी या धंद्यात विमानतळावरून माणूस पार करून देण्याला 'पुशिंग' म्हणत. शब्द मात्र अगदी खरा होता. ढकलून द्यायचे, पुढचे ज्याचे त्याने पाहावे.

पुढे काय होते? अमिरातीचा व्हिजिट व्हिसा ३० किंवा ६० दिवसांचा. त्यावर काम करणे गुन्हा. मुदत संपली की दिवसाला ५० दिरहम दंड चढतो, म्हणजे अकराशे रुपयांहून अधिक. ज्याला दिवसाची मजुरीच तेवढी मिळत नाही, त्याने हा हिशेब कसा जुळवावा? काही जण उमऱ्याच्या व्हिसावर सौदीत जाऊन कामाला राहतात. इबादतीच्या नावाने घेतलेला व्हिसा मजुरीला वापरायचा, पकडले गेले की कैद, दंड आणि हद्दपारी. हा सल्ला देणाऱ्या दलालाला काय म्हणावे, ते वाचकांनीच ठरवावे.

आझाद व्हिसा हा याहून गोड बोलण्याचा प्रकार. कागदावर कफील एक, काम दुसरीकडे. कफील व्हिसा विकतो, वर दरसाल इकाम्याच्या नूतनीकरणाला पैसे घेतो. माणूस समजतो की आपण आपले मालक. प्रत्यक्षात कफिलाने एक दिवस 'हुरूब', म्हणजे पळून गेला, अशी नोंद केली की तो माणूस कायद्याने फरार. दवाखान्यात जायची भीती, पोलिसांची भीती. बँक नाही म्हणून पैसेही हुंडीने पाठवायचे. अशा माणसांना गल्फमध्ये 'खल्लीवल्ली' म्हणतात. २०१३ साली सौदीने निताकतची सक्ती केली आणि कागदपत्रे सुधारायला त्या वर्षीच्या ३ नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली, तेव्हा लाखाहून अधिक भारतीयांना परतावे लागले. अमिरातीने २०२४ मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर अशी माफीची मुदत दिली. माफी मिळते ती दंडाची. इथे गहाण पडलेला दागिना कोणती माफी सोडवून आणणार?

गल्फपुरतीच ही गोष्ट राहिलेली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ३०३ प्रवासी घेऊन निकाराग्वाला निघालेले विमान फ्रान्समध्ये अडवले गेले आणि त्यातले २७६ जण मुंबईत परत उतरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला आणून सोडले. त्यात महाराष्ट्राचे तीन होते. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या ठगीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या ५४९ जणांना हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे परत आणले. त्यांतल्या अनेकांना थायलंडमध्ये कॉम्प्युटरची नोकरी सांगितली होती.

आता आपल्या बिरादरीकडे वळू. हे पैसे उभे कुठून राहतात? शिलाई मशीन विकून, भिशी उचलून, आईच्या पाटल्या ठेवून, आणि आपल्यासारख्या दुकानदारांकडून उसने घेऊन. दलालाला ना ऑफिस असते ना पाटी. त्याला हवी असते आपली साख. आमच्याकडेही एक गृहस्थ आले होते. म्हणाले, "सेठ, फक्त कार्ड गल्ल्याजवळ ठेवा, तुमचे नाव असले की लोकांचा भरवसा बसतो, दर माणसामागे तुमचेही पाहू." आम्ही नोंदणी क्रमांक विचारला, तर त्यांनी गुमास्ता लायसन्स काढून दाखवले. गुमास्त्यावर कापड विकता येते, माणसे परदेशी पाठवता येत नाहीत. चहा पाजून त्यांना वाटेला लावले. पुढे ते कार्ड दुसऱ्या एका दुकानात दिसले.

काही बंधू म्हणतील, इथे काम कुठे आहे? रेडीमेडने शिंप्याचे कंबरडे मोडले, हे कापडवाल्याला कोणी सांगायला नको. कायदेशीर वाट लांब आहे, मुंबई सहाशे किलोमीटरवर आहे, आणि नोंदणीवाले एजंटही तीस हजारांवर थांबत नाहीत, ही तक्रार खोटी नाही. सरकारने हे काम नांदेडला बसून व्हावे अशी सोय का करू नये, हा प्रश्न आमचाही आहे. पण जास्त पैसे घेणाऱ्या नोंदणीवाल्यावर तक्रार करता येते. त्याची लाखोंची बँक गॅरंटी सरकारकडे अडकलेली असते. भैंशाच्या स्टँडवर भेटलेल्या माणसावर दावा कुठे लावणार?

जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. गल्फच्या पैशावर या भागात घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, आमच्या दुकानात ईदची गर्दीही त्यातूनच होते. आमचे म्हणणे एवढेच की उसने देणाऱ्याने पैसे द्यायच्या आधी तीन गोष्टी मागाव्यात: एजंटाचा नोंदणी क्रमांक, नोकरीचा करार आणि व्हिसाची प्रत. व्हिसावर व्हिजिट लिहिले असेल तर नोकरीसाठी पैसा देऊ नये, कितीही रुसवा आला तरी. आणि रक्कम रोख न देता एजंटाच्या नावाने चेक फाडावा. चेक म्हटला की अर्धे दलाल दुसऱ्या दिवशी फिरकतच नाहीत.

नोंदणी असलेल्या एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे. आमच्या दुकानातला पोऱ्या ती मोबाईलवर दोन मिनिटांत काढून देतो. त्यासाठी कापड घ्यावेच लागते असे नाही.