तक्रार करा... पुन्हा करा!

"तुझी काय रे सारखी तक्रार असते?" हे ऑफिसात कधीच ऐकलं नाही असा माणूस विरळाच. पण गंमत बघा, या वाक्यातला 'सारखी' हा शब्दच फुकटचा आहे!

तक्रार हा शब्द मूळचा अरबी. 'तकरार' म्हणजे पुनरावृत्ती, तेच ते पुन्हा पुन्हा करणं. अरबीत आजही हाच अर्थ आहे. फारसीच्या वाटेने तो इकडे आला. तेच ते बोलत राहिलं की वाद होणारच, म्हणून हिंदीत 'तकरार' म्हणजे भांडण. मराठीत मात्र आपण त्याचं गाऱ्हाणं केलं. पोलिसात, महापालिकेत रीतसर 'नोंदवता' येईल असं.

घोळ इथेच आहे. नोंदवली की संपली, असं सगळे धरून चालतात. तक्रार क्रमांक मिळतो, मग 'निवारण झाले' असा एसएमएस येतो, आणि खड्डा जागच्या जागी! पुन्हा फोन केलात तर तुम्ही तक्रारखोर. आमच्या धंद्यातही तेच. दुसऱ्याने तोच बग कळवला की 'डुप्लिकेट' म्हणून बंद, आणि पहिला सहा महिने लोंबकळतोय. अहो, दहा जण तेच सांगतायत, ही माहिती नाही का?

"प्रॉब्लेम नको, सोल्यूशन आणा" म्हणणाऱ्या साहेबांना एकदाच ऐकायचं असतं, तेही जमलं तर. म्हणून सांगतो, एकदा बोलून गप्प बसणं ही नुसती कुरकुर. तारीख आणि नंबर हातात धरून तेच पुन्हा सांगणं, ही तक्रार. शब्दातच लिहिलंय तसं!