चिंदी निळी झाली का?

1 ऑगस्ट 2024. पॅरिस ऑलिम्पिक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मारलं आणि आमच्या ग्रुपमधल्या दोघा-तिघांना अचानक आठवलं की आपण कॉलेजात एन.सी.सी.ला होतो! मग काय, शनिवारी सकाळी मॉलऐवजी शूटिंग रेंज. चांगलंच आहे. दीड तास मोबाइल बंद आणि श्वास ताब्यात, याहून स्वस्त मेडिटेशन शहरात मिळत नाही.

पण चार-सहा महिने झाले, हात बसला, क्लबात ओळखी झाल्या की एक प्रश्न हमखास माझ्याकडे येतो. ‘यार, बॅरल साफ करायला कुठलं सॉल्व्हंट घेऊ?’ जणू शांपू निवडायचाय. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो. तू झाडतोस काय?

कारण सगळा फंडा तिथेच आहे. नळीत काय साचलंय ते कळल्याशिवाय बाटली निवडता येत नाही.

एअर रायफलवाल्यांची सुटका सगळ्यात सोपी. तिथे दारूच नाही, त्यामुळे जळकं काही नाही. शिशाची पेलेट आणि हवा, बस्स. नळीतून फेल्टच्या छोट्या गोळ्या सोडायच्या, काम फत्ते. उत्साहाच्या भरात तीव्र सॉल्व्हंट ओतलंत तर आतले सील खराब होतील. बाटलीचे पैसे वाचवा, चहा प्या.

पॉइंट टू टू, म्हणजे स्वप्नीलच्या इव्हेंटमधली रायफल, हा मधला प्रकार. गोळी शिशाची, वरून मेणाचा किंवा ग्रीसचा हात. म्हणजे नळीत उरतं ते मेण, थोडं शिसं आणि जळलेल्या दारूचा कार्बन. तांबं जवळजवळ नाहीच. तरीही लोक ‘कॉपर रिमूव्हर’ लिहिलेली महागडी बाटली घेऊन येतात. अरे, ज्याच्यासाठी औषध आणलंस तो आजारच नाहीये! इथे साधं, पेट्रोलियम जातीचं कार्बन सॉल्व्हंट पुरतं. लक्ष ठेवायचं ते चेंबरच्या तोंडाशी. तिथे कार्बनचं एक कडक कडं बसतं. ते नुसतं भिजवून हलत नाही. सॉल्व्हंट लावून थोडा वेळ द्यायचा आणि मग ब्रश.

तांब्याचा खरा मामला आहे सेंटरफायर रायफलींचा. 300 मीटरचे बिग बोअर नेमबाज, लायसन्सची रायफल बाळगणारे, फौजेतली मंडळी. यांच्या गोळीवर तांब्याचं कवच असतं, त्यात थोडं जस्त. नळीतले पीळ त्या कवचात रुततात, म्हणून गोळी फिरते आणि सरळ जाते. पण प्रत्येक वेळी ती तांब्याचा एक पुसट थर मागे ठेवते. त्यावर कार्बन, कार्बनवर पुन्हा तांबं. थेट खारी बिस्किटासारखे पदर! म्हणून साफही पदरापदरानंच करायचं. आधी कार्बनचं सॉल्व्हंट, मग तांब्याचं, गरज पडली तर पुन्हा पहिल्यापासून. वरचा कार्बन निघालाच नाही तर तांब्याचं औषध खाली पोचणार कसं?

आता थोडी केमिस्ट्री, घाबरू नका. आजी तांब्याचा हंडा चिंचेनं घासायची. चिंच म्हणजे आम्ल, काळपटपणा गेला, हंडा झक्क. पण रायफलची नळी पोलादाची असते आणि आम्ल पोलादाला गंज चढवतं. तिथे चिंच, लिंबू, व्हिनेगर बाद. मग कामाला येतो अमोनिया. तो हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं तांब्याला विरघळवतो आणि पोलादाच्या वाटेला फारसा जात नाही. सॉल्व्हंट निवडण्याचं सगळं तत्त्व यात आलं. ते काय खातं हे तर बघायचंच, पण काय सोडून देतं हे आधी बघायचं.

विरघळलेलं तांबं सुंदर निळं दिसतं. नळीतून पॅच काढला, म्हणजे आपल्या एन.सी.सी.च्या भाषेत चिंदी, आणि ती निळी आली तर समजायचं, आत अजून तांबं आहे.

समजायचं, पण लगेच विश्वास ठेवायचा नाही. ब्राँझचा ब्रश आणि पितळी जॅग (ज्यावर चिंदी अडकवतात ते टोक) यांच्यातही तांबंच असतं. अमोनिया त्यांनाही खातो आणि चिंदी निळीच येते. मग माणूस रात्री अकरापर्यंत घासत बसतो आणि नळी बिचारी कधीच स्वच्छ झालेली असते. म्हणून तांब्याच्या सॉल्व्हंटबरोबर नायलॉनचा ब्रश आणि नायलॉनचाच जॅग. तसंच काही नव्या सॉल्व्हंट्समध्ये अमोनिया नसतोच. त्यांचा रंग वेगळा येऊ शकतो. लेबल वाचा, यार. दोन मिनिटं लागतात.

बाजारातली नावं सांगायची तर ‘हॉप्स नंबर नाइन’ हे 1903 पासूनचं म्हातारं. कार्बनला छान, तांब्यावर संथ. वास असा की जुने नेमबाज त्यावर अत्तरासारखे फिदा. ‘स्वीट्स 7.62’ हे ऑस्ट्रेलियन, अमोनियाचं जहाल काम. तांब्यावर जबरदस्त, पण पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नळीत ठेवायचं नाही. लावून ‘बिग बॉस’ बघायला बसलात तर नळीचं काही खरं नाही. बिनअमोनियाची सॉल्व्हंट्स सावकाश चालतात, पण वास कमी आणि धोकाही कमी. वन बीएचकेमध्ये राहणाऱ्या माणसाला मी डोळे झाकून हीच सांगतो. आणि ब्रासो? त्यातही अमोनिया असतो, पण सोबत पॉलिशची पूडही असते. ते पट्ट्याच्या बक्कलला ठीक, नळीत नको.

आता जरा सीरियस. शिसं हा विनोदाचा विषय नाही. .22 ची गोळी शिशाची, बहुतेक काडतुसांच्या प्रायमरमध्येही शिसं. साफ करताना ते सगळं तुमच्या बोटांवर येतं. घरात लहान मूल असेल तर डायनिंग टेबलवर रायफल उघडायची नाही, म्हणजे नाही. शिसं मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करतं आणि झालेली इजा भरून येत नाही. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, वापरलेल्या चिंद्या बंद पिशवीत टाका, हात साबणानं धुवा. रेंजवरून निघताना वडापाव हातात घेण्याआधीही.

आणि व्हिनेगरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून शिसं काढायचा एक ‘घरगुती उपाय’ कोणी सांगितला, तर सांगणाऱ्याला नमस्कार करा आणि निघा. शिसं निघतं हे खरं, पण ते विषारी लेड अॅसिटेट होऊन त्या पाण्यात उतरतं आणि हाताच्या कातडीतूनही अंगात जाऊ शकतं. ते पाणी ओतणार कुठे? मोरीत? तसंच अमोनिया असलेलं काहीही ब्लीचजवळ न्यायचं नाही. दोन्ही मिळून जो वायू होतो तो फुप्फुसावर जातो.

बाकी शिस्त साधी आहे. रायफल रिकामी आहे ना, ते दोनदा बघा. रॉड मागून पुढे घाला, कारण पुढचं तोंड खरवडलं गेलं तर नेम कायमचा गेला. सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये उतरू देऊ नका. शेवटी कोरड्या चिंद्या आणि तेलाचा हलका हात. मुंबईच्या पावसाळ्यात तर हे चुकवूच नका, पोलादाला गंज चढायला एक वीकेंड पुरतो. पुन्हा झाडण्याआधी ते तेल मात्र पुसून घ्या.

आणि रोज रोज घासू नका. 50 मीटरवर दहाचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं असतं. तुमचे गट पसरायला लागले की नळी बघा. माझ्या मते हौशी माणसाच्या हातून नळी गोळ्यांपेक्षा रॉडनंच जास्त झिजते.

हो, एक राहिलं. चकचकीत नळीतून सुटलेल्या पहिल्या काही गोळ्या भलतीकडे जातात. नळीला पुन्हा थोडा थर चढावा लागतो, मग ती ताळ्यावर येते. तेव्हा साफसफाईनंतर पहिलीच गोळी आठात गेली तर कोचला फोन लावू नका. आणखी दहा झाडा. त्यानंतरही आठातच गेली, तर मात्र दोष सॉल्व्हंटचा नाही, बॉस!